सोयाबीनची वाळली वैरण: पेरणीपासून गव्हाणीपर्यंत

सोयाबीन वैरणीसाठी पेरायचं म्हटल्यावर पहिला प्रश्न सगळ्यांनी एकच विचारला. मळणी झाल्यावर भुस्कट मिळतंच, मग हिरवं उभं पीक कशाला कापायचं?

सोयाबीनचा दाणा पक्व होईपर्यंत जवळजवळ सगळी पानं गळून गेलेली असतात. मळणीनंतर हाती येतं ते वाळलेल्या दांड्यांचं आणि टरफलांचं कुटार. त्यात प्रथिनं जेमतेम चार ते सहा टक्के. तेच पीक शेंगा धरल्यावर, पानं हिरवी असताना कापून नीट वाळवलं तर प्रथिनं 16 ते 19 टक्क्यांपर्यंत जातात. फुलोऱ्याच्या सुरुवातीला कापलेल्या लसूणघासाच्या ही वैरण जवळपास येते. आमच्याकडे दुभत्या गाई, काही कालवडी आणि थोड्या शेळ्या आहेत. प्रथिनांसाठी सगळा भार पेंडीवर होता आणि बारमाही घासाला पुरेल इतकं पाणी नव्हतं. एका हंगामात येऊन रान मोकळं करणारं, हवेतला नत्र स्वतःच बांधून घेणारं पीक म्हणून मी सोयाबीनकडे वळले.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत हे पीक आधी वैरणीसाठीच रुजलं. तिथे दाण्यासाठी घेतलेलं क्षेत्र चाऱ्याच्या क्षेत्रापेक्षा पहिल्यांदा जास्त झालं ते 1941 मध्ये. पुढे तेलाची मागणी वाढत गेली आणि वैरण मागे पडली. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने डेरी, डोनेगल आणि टायरोन असे उंच वाढणारे खास चाऱ्याचे वाण दिले, तेव्हा विषय पुन्हा चर्चेत आला. हे वाचलं आणि मला धीर आला. लोकांनी हे वर्षानुवर्षं केलेलं होतं, म्हणजे रीत कुठेतरी असणारच.

पेरणीच्या आधीचे कागद

बियाण्याच्या आधी मी लेबलं वाचायला बसले, आणि यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच निघालं. सोयाबीनवर वापरायच्या बऱ्याच तणनाशकांच्या आणि काही कीडनाशकांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात एक ओळ असते: फवारलेलं पीक जनावरांना चारू नये, त्याची वैरण करू नये. दाणा काढणाऱ्याला त्या ओळीशी देणंघेणं नसतं, म्हणून ती कुणी सांगतही नाही. औषध घेताना फवारणी ते काढणी किती दिवस एवढंच विचारलं तर उत्तर दाण्यासाठीचं मिळतं. चाऱ्यासाठीचं बंधन वेगळं लिहिलेलं असतं आणि ते वेगळंच विचारावं लागतं. मी विचारात घेतलेल्या तीन तणनाशकांपैकी दोन या ओळीमुळे बाद झाली. शेवटी तणनाशक न मारता कोळपणी आणि खुरपणी करायचं ठरवलं. मजुरी वाढली, पण गव्हाणीत काय जातंय याची चिंता मिटली.

पिकाचा विमा असेल तर तेही आधीच मिटवावं. आमच्या पॉलिसीत संरक्षण होतं दाण्याच्या उत्पन्नाला. हिरव्या कापलेल्या तुकड्याला ते लागू होणार नव्हतं. म्हणून वैरणीचं क्षेत्र अर्जातून वेगळं काढलं, नकाशावर हद्द दाखवून दिली आणि पोच घेऊन फाईलला लावली. एवढ्यासाठी दोन आठवडे थांबावं लागलं, तरी पेरणीनंतर धावपळ करण्यापेक्षा ते बरं.

वाण, बियाणं, पेरणी

दाण्यासाठी लोक लवकर येणारा वाण शोधतात. वैरणीसाठी उलट हवं. सोयाबीन हे दिवस लहान होऊ लागले की फुलावर येणारं पीक आहे. उशिरा पक्व होणारा वाण जास्त दिवस नुसता वाढत राहतो, उंच होतो आणि पाला जास्त देतो. पेरणी लांबवली तर हीच वाढ आखडते. मी उशिराचा, लहान दाण्याचा वाण घेतला. दाणा लहान असला की तेवढ्याच वजनात रोपं जास्त मिळतात.

बियाण्यावर मात्र काटकसर केली नाही. दाण्यासाठी एकरी 30 किलोच्या आसपास लागतं, मी 40 किलो टाकलं, आणि दोन ओळींत 22 सेंटीमीटर अंतर ठेवलं. रोपं दाट असली की दांडे बारीक राहतात. बारीक दांडा लवकर वाळतो आणि जनावर तो खातं. जाड दांडा शेतातही त्रास देतो आणि गव्हाणीतही. एकूण खर्चात सगळ्यात वरची बाब मजुरीची, तिच्याखाली बियाणं आणि मग बेलरचं, म्हणजे गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राचं, भाडं, हे हिशेबाला बसाल तेव्हा लक्षात असू द्या.

पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासली. त्या रानात आधी सोयाबीन कधीच नव्हतं, त्यामुळे रायझोबियमची, म्हणजे मुळांवर नत्र बांधणाऱ्या जिवाणूची, बीजप्रक्रिया टाळून चालणार नव्हतं. या पिकाला त्याचाच जिवाणू लागतो, दुसऱ्या कडधान्याच्या संवर्धकाचा उपयोग होत नाही. पाकिटावर ‘सोयाबीन’ लिहिलेलं आहे ना आणि मुदत संपलेली नाही ना, हे दोन्ही बघून घ्यावं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी लावून सुकू द्यायचं. जिवाणू सगळ्यात शेवटी, सावलीत, आणि लगेच पेरणी. औषध लावलेलं उरलेलं बियाणं जनावरांच्या खाद्यात अजिबात जाता कामा नये. मी ते लगेच वेगळ्या पोत्यात खूण करून ठेवलं.

पेरणी जूनच्या अखेरीस झाली, तीन-चार सेंटीमीटर खोल. दीड महिन्याच्या आतच ओळी एकमेकींना भिडल्या आणि तणाचा जोर ओसरला. त्याआधी, पाचव्या आठवड्यात, दोन-चार रोपं मुळासकट हळूच खणून काढली होती. मुळांवर गाठी होत्या, नखाने फोडल्यावर आतून गुलाबी. तो गुलाबी रंग दिसला की नत्र बांधण्याचं काम चालू आहे असं समजायचं. त्या दिवशी मला फार हलकं वाटलं. युरियाचं पोतं न उघडता पीक गडद हिरवं उभं होतं.

पाने खाणाऱ्या अळ्या आल्या, पण थोड्या. रोज सकाळी एक फेरी मारायची आणि पानांची चाळण किती झाली ते बघायचं. या पिकात पान हाच माल आहे, म्हणून दाण्याच्या शेतकऱ्यापेक्षा आपण जास्त बारकाईने बघायला हवं. फवारायची वेळ आली असती तर पुन्हा तेच लेबल, तीच ओळ.

कधी कापायचं

1977 मध्ये फेर आणि कॅव्हिनेस या शास्त्रज्ञांनी सोयाबीनच्या वाढीच्या अवस्था ठरवून दिल्या, त्या अजून चालतात. फुलोऱ्यापासून पक्वतेपर्यंत आर-1 ते आर-8. बघायचं ते खोडाच्या शेंड्याकडच्या, पूर्ण पान असलेल्या चार पेरांवर. तिथे 5 मिलिमीटरची शेंग दिसली तर आर-3. शेंग 2 सेंटीमीटरची झाली तर आर-4. शेंगेत 3 मिलिमीटरचा दाणा आला तर आर-5. हिरव्या दाण्याने शेंगेची पोकळी भरली तर आर-6.

वाळवायचं असेल तर आर-3 ते आर-4 सोयीचं. आर-6 ला वजन आणि अन्नांश दोन्ही जास्त असतात, पण भरलेली शेंग पाणी धरून ठेवते, दांडा वाळला तरी ती वाळत नाही. शिवाय दाण्यात सुमारे 20 टक्के तेल असतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या एकूण आहारात स्निग्धांश कोरड्या वजनाच्या सहा टक्क्यांच्या वर गेला की पोटातलं तंतू पचवणं मंदावतं. आर-6 चं पीक मुरघासाला, म्हणजे ओलाच हवाबंद मुरवून ठेवायच्या चाऱ्याला, चांगलं. आर-7 ला पानं पिवळी पडून गळू लागतात, तोवर थांबण्यात अर्थ नाही.

आमचं पीक सप्टेंबरच्या मध्यावर आर-4 ला आलं आणि नेमका त्याच आठवड्यात पावसाचा अंदाज. लसूणघास असता तर रोज जीव खालीवर झाला असता, कारण दिवसागणिक दांडा निबर होतो आणि चाऱ्याचा कस उतरतो. सोयाबीनचं तसं नाही. दांडा कडक होत जातो तसा शेंगेत दाणा भरत जातो, आणि एकाची घट दुसरा भरून काढतो. त्यामुळे आर-3 पासून आर-6 पर्यंत वैरणीचा दर्जा बऱ्यापैकी टिकून राहतो. थांबता येतं, फक्त खालची पानं पिवळी पडतायत का यावर डोळा ठेवायचा. ओलं कापून चिखलात कुजवण्यापेक्षा उभं पीक आठवडाभर जास्त ठेवणं केव्हाही चांगलं. मी आठ-दहा दिवस थांबले. सलग चार-पाच दिवस कोरडे जाणार असा अंदाज आला तेव्हा पीक आर-5 ला लागलं होतं.

हे पीक एकदाच कापायचं. खालून कापलं की घासासारखा फुटवा येत नाही.

कापणी आणि वाळवण

कापणी सकाळी, दव उडाल्यावर. जमिनीपासून 10 सेंटीमीटर बुंधा सोडला. खालचा दांडा सगळ्यात जाड आणि सगळ्यात निकस, तो रानातच राहिलेला बरा. उरलेल्या बुंध्यांमुळे कापलेला पाला जमिनीला टेकत नाही आणि खालून हवा खेळते.

कापणी यंत्र भाड्याने घेतलं ते दांडे चेपणाऱ्या रबरी रोलरचं. द्विदल पिकाला हेच हवं. फटके मारून दांडा खरवडणाऱ्या यंत्राने पानं झडून जातात. रोलरने दांडा जागोजागी चिरला की आतलं पाणी बाहेर पडायला वाट मिळते. पहिल्याच पट्ट्यानंतर यंत्र थांबवून मी दांडे हातात घेऊन बघितले. चिरलेत पण तुटले नाहीत, असं दिसल्यावरच पुढे जाऊ दिलं. थोडं पीक असेल आणि विळ्यानेच कापायचं असेल तर दांडे चेपले जात नाहीत, वाळायला वेळ जास्त धरावा. तेव्हा तिकाट्या उभ्या करून त्यांवर पाला सैल टाकणं ही जुनी पद्धत चांगली, कारण जमिनीची ओल लागत नाही आणि पालट कमी करावी लागते.

कापलेला पाला रुंद पसरला, ढीग होऊ दिला नाही. कापल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत पानांची छिद्रं अजून उघडी असतात आणि बरंचसं पाणी तिथूनच निघून जातं. त्या वेळी उन्हाला जितका पाला दिसेल तितकं चांगलं. झाड कापलं तरी पेशी जिवंत असतात, ओलावा 40 टक्क्यांच्या खाली येईपर्यंत त्या श्वास घेत राहतात आणि साखर जाळत राहतात. म्हणून हा पहिला टप्पा घाईने उरकायचा.

यानंतर मात्र घाई करून चालत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पानं हाताला कुरकुरीत लागली. दांडा चिमटीत दाबला तर अजून ओला. सोयाबीनच्या वैरणीची सगळी अडचण इथे आहे: पान एका दिवसात वाळतं, दांड्याला तीन-चार दिवस लागतात. मधल्या काळात उन्हात पाला हलवला की पानांचा चुरा जमिनीवर पडतो, आणि प्रथिनं त्या पानांतच आहेत. मी पालटणी आणि ओळी गोळा करणं दोन्ही पहाटे केलं, पानांवर दव असताना, ती नरम असताना. यंत्र सावकाश चालवलं. बेलर चालवणाऱ्या दादांनी फोनवर एकच सूचना दिली होती, ती अगदी खरी होती: “ताई, ऊन चढलं की रानात पाय ठेवू नका.”

तिसऱ्या दिवशी ढग दाटून आले. चार थेंब पडले आणि पुढे सरकले. तो तासभर मी बांधावर नुसती उभी होते, काही करण्यासारखं नव्हतंच. वाळत आलेल्या वैरणीवर पाऊस पडला की विरघळणारी साखर आणि क्षार धुऊन जातात, पानं गळतात. तसं झालं असतं तर वरचा थर कोरडा झाल्यावरच हलक्या हाताने उलटायचं आणि तो माल वेगळा रचायचा, एवढं ठरवून ठेवलं होतं.

ओलावा मोजणं आणि गठ्ठे

लहान गठ्ठ्यांसाठी ओलावा 16 ते 18 टक्क्यांपर्यंत हवा, मोठ्या गोल गठ्ठ्यांसाठी त्याहून थोडा कमी. 20 च्या वर गेला की बुरशी आणि तापणं आलंच. नखाने दांड्याची साल खरवडली आणि ती सुटून आली तर अजून ओल आहे. पेराजवळ वाकवल्यावर कट्कन मोडला तर तयार आहे.

यावर मी घरच्या मायक्रोवेव्हने खात्री केली. वेगवेगळ्या ओळींतून, खालच्या थरातूनही, पाला घेऊन बारीक कापायचा. 100 ग्रॅम वजन करून पसरट ताटलीत ठेवायचा, शेजारी ओव्हनमध्ये पाण्याचा पेला. थोडा वेळ तापवायचा, वजन करायचं, पुन्हा थोडा वेळ. वजन बदलायचं थांबलं की जितके ग्रॅम कमी झाले तितके टक्के ओलावा. पाला जळू देऊ नये. नमुन्यात शेंगा नक्की असाव्यात, कारण सगळ्यात उशिरा वाळतात त्या. चौथ्या दिवशी सकाळी आकडा 22 होता, पाचव्या दिवशी 17.

बेलर आधीच सांगून ठेवावा. त्याच सुमाराला सगळ्यांना तो हवा असतो. आम्ही कापणीच्या आदल्या दिवशीच वेळ ठरवली होती, तरी तो आला दुपारऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी. ते पथ्यावर पडलं, कारण सकाळच्या नरमाईत पानं गठ्ठ्यात नीट बसली. एकरी साधारण सव्वादोन टन वाळली वैरण मिळाली.

गंजी तापते का

गठ्ठे छपराखाली, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हात-दीड हात सोडून, मधे हवेला वाट ठेवून रचले. पहिले दोन-तीन आठवडे वैरण थोडी घामेजते, तापते. लोखंडी पोकळ नळी गंजीत खोल घालून तिच्यातून दोरीला बांधलेला तापमापक सोडायचा. 55 अंश सेल्सियसपर्यंत रोज एकदा बघणं पुरे. 65 च्या पुढे धोका सुरू होतो, दर थोड्या तासांनी बघावं लागतं. 80 च्या आसपास आग लागू शकते, तेव्हा गंजी उघडण्याआधी अग्निशमन दलाला बोलवायचं, कारण हवा मिळताच पेट घेऊ शकते. आग लागली नाही तरी जास्त तापलेल्या वैरणीत प्रथिनं साखरेशी बांधली जातात आणि जनावराला पचत नाहीत. अशा वैरणीला तंबाखूसारखा गोडसर वास येतो आणि ती तपकिरी होते. जनावरं ती आवडीने खातात, त्यामुळे फसायला होतं. आमचं तापमान 41 च्या वर गेलं नाही. ते खाली यायला लागलं त्या रात्री मी निवांत झोपले.

प्रयोगशाळा

अंदाजावर रतीब ठरवायचा नव्हता. गठ्ठ्यात खोलवर जाणाऱ्या पोकळ छिद्रकाने वीस गठ्ठ्यांतून नमुने काढले, एकत्र मिसळले आणि हवाबंद पिशवीत भरून पाठवले. वरवरचा मूठभर पाला ओढून पाठवला तर निकाल खोटा येतो, पानं हातातून निसटतात. अर्जात पीक, कापणीची अवस्था, कापणीची तारीख आणि हव्या असलेल्या चाचण्या लिहायच्या होत्या. मी कोरडा पदार्थ, कच्ची प्रथिनं, एनडीएफ (चाऱ्यातले एकूण तंतू), एडीएफ (त्यातले कमी पचणारे तंतू) आणि स्निग्धांश या मागितल्या. शेवटची चाचणी नेहमीच्या यादीत नसेल तर आवर्जून लिहून घ्या, शेंगा असलेल्या वैरणीत ती लागतेच. निकालाला दोन आठवडे लागले. प्रथिनं 17 टक्क्यांच्या थोडी वर, एनडीएफ 44. कागद हातात आल्यावर मी तो दोनदा वाचला.

खाऊ घालताना

एकदम बदल केला नाही. किलोभरापासून सुरुवात करून दहा दिवसांत दुभत्या गाईला चार किलोपर्यंत नेलं, आणि पेंड त्या हिशेबाने कमी केली. उपाशी जनावरापुढे ही वैरण थेट टाकायची नाही, आधी थोडा कडबा. दहा ते वीस टक्के जाड दांडे गव्हाणीत उरतात, ते धरूनच चालायचं. कडबाकुट्टीतून काढली तर उरवण कमी होते, पण पानांचा भुगा उडतो, म्हणून आधी पाण्याचा हलका शिपका द्यावा. शेळ्यांनी पानं आणि शेंगा वेचून खाल्ल्या, दांडे सोडले. ते गोठ्यात अंथरायला गेले.

पशुवैद्य डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. वैरणीत दाणे असतील तर युरिया असलेलं खाद्य किंवा युरिया प्रक्रिया केलेला चारा सोबत द्यायचा नाही, कारण कच्च्या सोयाबीनमधलं युरिएज हे विकर युरियातून अमोनिया झपाट्याने सोडतं आणि विषबाधा होऊ शकते. म्हणून तयार पशुखाद्याच्या पोत्यावरचं लेबलही मी वाचलं. दुसरं, विण्याच्या आधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत ही वैरण कमी करायची. द्विदल चाऱ्यात कॅल्शियम आणि पोटॅश जास्त असतं आणि त्याने विल्यावर दुग्धज्वराचा, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम एकदम घटण्याच्या आजाराचा, धोका वाढतो. बुरशी दिसलेले दोन गठ्ठे गाभण जनावरांच्या वाऱ्यालाही ठेवले नाहीत. घोडे पाळणाऱ्यांनी आणखी एक बघावं: सोयाबीनवर येणारे फोडभुंगेरे वैरणीत चिरडले गेले तर त्यांतलं कँथरिडिन हे विष घोड्याच्या जिवावर बेतू शकतं.

रानाचा हिशेब

दाणा काढला की पाला रानात राहतो. वैरण केली की सगळं उचलून नेलं जातं, त्यात पोटॅश भरपूर आणि बांधलेला नत्रही. त्यामुळे ‘सोयाबीननंतर नत्र कमी द्या’ हा नेहमीचा सल्ला या तुकड्याला तसाच लावला नाही. कापणीनंतर माती तपासून घेतली आणि गोठ्यातलं शेणखत आधी तिथेच टाकलं.

बियाण्यासाठी एक कोपरा न कापता ठेवला होता. सोयाबीन स्वपरागीत आहे, घरचं बियाणं वाणाशी इमान राखतं. वाणाच्या हक्कांचे नियम त्याला आड येत नाहीत ना, एवढं बघून घ्यावं. दाण्याची साल पातळ असते, आपटलेल्या पोत्यातलं बियाणं उगवत नाही. त्यामुळे मळणी हलक्या हाताने केली, पोती फळीवर ठेवली, एकावर एक थर रचले नाहीत. पेरणीआधी पुन्हा शंभर दाणे गोणपाटात जातील. उगवण सत्तरच्या खाली आली तर बियाणं विकत घ्यायचं, सत्तर किंवा वर आली तर उगवणीच्या प्रमाणात एकरी किलो वाढवायचे.